या चुका टाळा: जपून ठेवलेली नाणी घरातच का खराब होतात?

नाणं हातातून पडलं किंवा घासलं गेलं, तर ते लगेच कळतं. संग्रहातलं मोठं नुकसान मात्र बंद कपाटात, कुणाचं लक्ष नसताना होतं आणि बहुतेकदा ते करते नाण्याच्या रक्षणासाठीच आणलेली वस्तू: पाकीट, डबी, मखमल, रबरबँड. म्हणून साठवण तपासताना दोनच प्रश्न विचारायचे. नाण्याला काय टेकलं आहे? आणि त्याच्याभोवतीच्या हवेत काय आहे?

मऊ, लवचिक प्लास्टिकची पाकिटं

सर्वांत जास्त नाणी यातच खराब होतात. हे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू झिरपून नाण्यावर उतरतात. शिवाय पीव्हीसी जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. परिणाम म्हणजे हिरवट, चिकट थर. तांब्यावर आणि चांदीवर तो लवकर येतो. सुरुवातीला तो नुसता धूसर दिसतो, नंतर आम्ल धातू खायला लागतं आणि बारीक खड्डे पडतात. खड्डे पडले की उपाय नाही.

ओळखायचं कसं? नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर संशय घ्या. खात्री करायची असेल तर ज्योतीची परीक्षा आहे. पाकिटाचा छोटा तुकडा कापून उघड्यावर न्या. नाणी जवळ नकोत. तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत तापवा. ज्योतीला हिरवा रंग येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत तापवत राहा. मग गरम टोक त्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. आता ठळक हिरवी ज्योत दिसली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी समजायचं. धूर हुंगू नका.

पर्याय: पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, पॉलिस्टर (मायलार), पॉलिस्टायरीन किंवा ॲक्रिलिक. पाकिटावर साहित्याचं नाव छापलेलं नसेल तर घेऊच नका. काही टांकसाळींच्या जुन्या संचांची मूळ पाकिटंही पीव्हीसीची आहेत, त्यामुळे ‘मूळ पॅकिंग’ म्हणून डोळे झाकून विश्वास टाकण्यात अर्थ नाही.

चिकट थर नुकताच आला असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपॉलिश काढायचं द्रव नको, त्यात तेलं आणि सुगंध असतात. काचेच्या बशीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन घ्या, 10 ते 15 मिनिटं ठेवा. मग दुसऱ्या बशीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि कडेवर उभं टेकवून हवेत सुकू द्या. घासायचं नाही, कापसानंही नाही. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास ज्योत नको. रंगीत छपाई असलेली नाणी यात टाकू नका, रंग उतरेल. पॉलिस्टायरीनची डबीही ॲसिटोनमध्ये विरघळते, तेव्हा नाणं पूर्ण सुकल्यावरच आत ठेवा.

पुठ्ठ्याचे होल्डर आणि स्टेपलच्या पिना

दोन इंची चौकोनी होल्डर, म्हणजे मध्ये पारदर्शक खिडकी असलेला आणि दुमडून पिना मारलेला पुठ्ठा, स्वस्त आणि चांगले असतात, पण पिनांची टोकं मागे वर राहिली तर शेजारच्या नाण्याची खिडकी फाडतात आणि पुढे नाण्यावर रेघ ओढतात. प्रत्येक पिन पक्कडीने दाबून सपाट करा. नाणं काढताना होल्डरचे दोन भाग ओढून उघडण्याचा मोह होतो. उघड्या पडलेल्या पिनेच्या टोकावरून नाणं घसरतं ते तेव्हाच. आधी सगळ्या पिना काढा, मग पुठ्ठा उघडा. पुठ्ठ्याची धूळ नाण्यावर बसली असेल तर रबरी फुग्याच्या पंपाने उडवा. तोंडाने फुंकर नको: थुंकीचा सूक्ष्म थेंब तांब्यावर काळा ठिपका सोडतो. नाण्यावर वाकून बोलणंही टाळावं ते याचसाठी.

सरकत्या पारदर्शक पट्ट्यांच्या अल्बममध्ये वेगळी अडचण असते. पट्टी प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या उंच भागावरून, म्हणजे गालावरून आणि केसांवरून घासत जाते आणि समांतर बारीक रेघा उमटतात. चकाकी टिकलेली नाणी अशा अल्बममध्ये ठेवूच नयेत.

कॅप्सूल, म्हणजे नाण्याची कडक, पारदर्शक गोल डबी, सैल असली तर नाणं आत खुळखुळतं आणि कड झिजते. घट्ट असली तर बसवतानाच कड दबते. व्यास मोजायला धातूचा कॅलिपर लावू नका, प्लास्टिकचा वापरा. त्याहून बरं म्हणजे नाण्यांच्या छापील सूचीतला (कॅटलॉगमधला) व्यास पाहून कॅप्सूल घ्या.

रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि लाकूड

चांदीचं वैर गंधकाशी. रबर कडक करताना त्यात गंधक घालतात, त्यामुळे रबरबँडने बांधलेल्या पुडीतल्या नाण्यांवर काळे पट्टे उमटतात, मध्ये कागद असला तरी. वर्तमानपत्र, साधी खाकी पाकिटं, लोकरीचं फेल्ट हेही त्याच माळेतले. कागदी पाकीट वापरायचंच असेल तर आम्लरहित आणि गंधकरहित असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. चिकटपट्टी तर नाण्याला कधीच लावू नये.

लाकडी पेट्या दिसायला देखण्या, पण ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते, तर एमडीएफ आणि प्लायवूडमधून फॉर्माल्डिहाइड. शिशाचे टोकन आणि जुनी पदकं अशा पेटीत पांढरी भुकटी धरतात. नाण्यांच्या कपाटांसाठी महोगनी पूर्वापार वापरतात, कारण त्यातून अशी वाफ फारशी सुटत नाही. डांबरगोळ्याही नाण्यांच्या खणात नकोत, त्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या डब्या मऊ करू शकते.

ओल

आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली ठेवायची. छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) डब्यातच ठेवला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. बुटाच्या खोक्याएवढ्या हवाबंद डब्यासाठी 50 ते 100 ग्रॅम सिलिका जेलने सुरुवात करा. आकडा खाली आला नाही तर वाढवा. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. ते हिरवं झालं की ओव्हनमध्ये सुमारे 120 अंश सेल्सियसला दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. जेलच्या पुड्या नाण्यांना टेकू देऊ नका. डबा हवाबंद नसेल तर जेल खोलीतलीच ओल शोषत बसतं आणि काही दिवसांत निकामी होतं.

अग्निरोधक तिजोरीबद्दल गैरसमज फार आहे. तिच्या भिंतींत भरलेल्या साहित्यात पाणी धरलेलं असतं. आगीत तेच वाफ होऊन आतला भाग थंड ठेवतं. एरवीही ती ओल थोडी थोडी आत येते. तिजोरीत नाणी ठेवायची तर हवाबंद डब्यात, जेलसकट. माळा, न्हाणीघराची भिंत आणि स्वयंपाकघर या जागा टाळाव्यात. थंड जागेतून आणलेला डबा लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर नाण्यावर दव धरतं.

हिरवं दिसलं, पण नेमकं कोणतं?

चिकट आणि ओघळल्यासारखं असेल तर पीव्हीसी. कडक, गुळगुळीत, धातूला एकजीव झालेलं हिरवं किंवा तपकिरी आवरण जुन्या तांब्यावर असेल तर ती स्थिर पातिना, म्हणजे काळाच्या ओघात धातूवर तयार झालेला थर आहे, तिला हात लावू नका. फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी, जी काढल्यावर काही दिवसांत पुन्हा येते, ती ब्राँझ डिसीज. धातूत अडकलेले क्लोराइड ओलीशी संयोग पावतात आणि नाणं आतून पोखरतं. असं नाणं ताबडतोब वेगळं करा आणि जेलसह कोरड्या डब्यात ठेवा. भुकटी लाकडी काडीने अलगद काढता येते, पण नाणं मोलाचं असेल तर ते काम धातुसंवर्धकाकडे सोपवा.

चांदीवर कडेकडून पिवळी छटा आत येत असेल तर होल्डर किंवा पुठ्ठा दोषी असण्याची शक्यता मोठी. पिवळ्यानंतर जांभळा, निळा आणि शेवटी काळा असा क्रम असतो, म्हणून पिवळ्यावरच होल्डर बदलावा. आधुनिक शुद्ध चांदीच्या नाण्यांवर येणारे दुधी डाग मात्र तुमच्या साठवणुकीचे नसतात. ते टांकसाळीतल्या प्रक्रियेशी जोडले जातात आणि घासून काढायला गेलात तर डागाच्या जागी ओरखडे मिळतील.

काळवंडलेलं नाणं टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा लिंबाने उजळू नये. पेस्ट आणि सोडा पृष्ठभाग खरवडतात, आम्ल तांबं खातं, आणि गेलेली मूळ चकाकी परत येत नाही. जाणकाराला तिरक्या उजेडात हे लगेच दिसतं.

तपासणी दर तीन महिन्यांनी पुरे. मऊ कापड अंथरा, नाणं कडेने धरा, दिवा तिरका लावा आणि दहा पटींचं भिंग घ्या. सगळी नाणी होल्डरमधून काढायची गरज नाही. आधी तांब्याची आणि जुन्या पाकिटांतली बघा.