नोकरीत देवाची इच्छा शोधताना या चुका टाळा

रविवारची उपासना संपून चहा सुरू झाला की कोणीतरी हमखास मला बाजूला घेतं. "काका, पुण्याची ऑफर आलीय. ही देवाची इच्छा आहे का, कसं ओळखायचं?" मी आधी विचारतो, बाँड किती वर्षांचा आहे? रविवारी सुट्टी आहे का? निम्म्या वेळा उत्तर येतं, "तेवढं वाचलं नाही अजून." तीन दिवस उपास केलेला असतो, पण ऑफर लेटरची चार पानं वाचलेली नसतात.

डोळे मिटून वचन काढणं

हे मी स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साहेबाशी खटके उडत होते. एका रात्री प्रार्थना करून बायबल उघडलं, बोट ठेवलं, तर उत्पत्ती १२! अब्राहामाला देव सांगतोय, आपला देश सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. अंगावर काटा आला. राजीनामा लिहायला बसलो, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "तुमचं बायबल तिथेच उघडतं. दर जानेवारीत उत्पत्तीपासून वाचायला घेता आणि फेब्रुवारीत लेवीयात अडकता. शिवण तिथेच सैल झालीय." राजीनामा तसाच राहिला.

यिर्मया २९:११ चंही तेच. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, हे वचन आपल्या घराघरांत कॅलेंडरवर असतं आणि नवी नोकरी लागली की स्टेटसला चढतं. पण ते पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं आहे. एक ओवी मागे जा, ७० वर्षं थांबायला सांगितलंय. पाचव्या ओवीत तर घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, असं आहे. म्हणजे नको असलेल्या जागीच नीट कामाला लागा. बदलीच्या अर्जाला हे वचन जोडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

गिदोनाची लोकर

"सोमवारपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा." अरे बाबा, शनिवार-रविवार त्यांचं ऑफिस बंद असतं, फोन सोमवारीच येणार! बायबलमधल्या शास्ते ६ मध्ये गिदोनाने खूण मागायला रात्री लोकर पसरली: सकाळी दव फक्त लोकरीवर पडलं, तर देव सोबत आहे. पण त्याला काय करायचं ते देवाने लोकर पसरण्याआधीच सांगितलं होतं. लोकर आली ती त्याला धीर होत नव्हता म्हणून. देवाने ते चालवून घेतलं, ही त्याची दया. आपण त्याची पद्धत करून टाकली.

उघडं दार म्हणजे होकार

देवाने निनवेला जायला सांगितलं असताना योना संदेष्टा निनवेकडे पाठ फिरवून निघाला, तेव्हा याफोच्या बंदरात तार्शीशचं जहाज तयारच उभं होतं. भाड्याचे पैसेही खिशात होते. सगळं कसं जुळून आलं! उलट प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे व्हिसा चटकन मिळाला किंवा अडकला, यावरून फारसं काही ठरत नाही.

मला या बाबतीत पारसच्या राजाच्या दरबारात नोकरी करणारा नहेम्या आवडतो. किसलेव महिन्यात यरुशलेमचा तट पडल्याची बातमी ऐकून तो रडला, त्याने उपास केला. राजापुढे विषय निघाला तो थेट नीसानात, म्हणजे चारेक महिन्यांनी. राजाने विचारलं, तो बांधायला जाऊन यायला किती दिवस लागतील? त्याने मुदत सांगितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, लाकूड कुठल्या अधिकाऱ्याकडून हवं तेही सांगितलं. चार महिने प्रार्थना करताना गड्याने हिशोबही मांडला होता.

'देवाचं काम' फक्त मंडळीतच

पौल करिंथात राहुट्या करत होता. बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने नोकरी सोडा म्हटलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं. इंग्लंडहून आलेला मिशनरी विल्यम केरी आधी चांभारकाम करायचा, बंगालात आल्यावर त्याने निळीच्या कारखान्यात नोकरी केली. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत असताना १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापून आलं, सेरामपूरला. (नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं.) यातला देवाच्या कामाचा भाग कुठून सुरू झाला, ते कोणी वेगळं करून दाखवावं.

मन कोरडं असताना निर्णय

आपल्या कॅथलिक भावंडांना जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाचा हा नियम ठाऊक असेल: मन उदास, कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. अप्रेझलच्या संध्याकाळी राजीनामा टाईप करणाऱ्यांनी तो चिकटवून ठेवावा.

पुण्याच्या ऑफरवाला पोरगा पुढच्या रविवारी पानं घेऊन आला. बाँड दोन वर्षांचा, मधेच सोडलं तर तीन पगार भरायचे, आणि महिन्यातून दोन रविवार ड्युटी. तो घरात एकटा कमावणारा. आम्ही चहा थंड होईपर्यंत त्याच्या आईच्या औषधांचा खर्च मांडत बसलो. मग आम्ही प्रार्थना केली. रविवारची ड्युटी बदलून मिळेल का, हे तो उद्या कंपनीला विचारणार आहे.