लॅपटॉप आत्ता घ्यावा की थांबावं? या चुका टाळा

‘थोडं थांब, नवा प्रोसेसर येतोय’ हा सल्ला वर्षाच्या कुठल्याही महिन्यात दिला तरी खराच ठरतो. जानेवारीत लास वेगासला सीईएस हे तंत्रज्ञान प्रदर्शन भरतं, मे-जूनच्या सुमारास तैपेईला कॉम्प्युटेक्स हे संगणकांचं प्रदर्शन होतं आणि अ‍ॅपलचं वेळापत्रक तर वेगळंच असतं. काहीच येऊ घातलेलं नाही असा काळ सापडणार नाही. म्हणून ‘नवं काय येतंय’ यापेक्षा ‘हातातलं मशीन माझं कोणतं काम अडवतंय आणि येणाऱ्या मशीनने ते सुटेल का’ हे बघावं. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न टाळल्यामुळेच होतात.

दुखणं न शोधताच नवं मशीन शोधायला लागणं

‘लॅपटॉप स्लो झालाय’ हे निदान नाही, तक्रार आहे. रोजचं काम नेहमीसारखं उघडा, म्हणजे ब्राउझरचे सगळे टॅब, एक्सेल, मीटिंगचं अ‍ॅप, जे असेल ते. मग टास्क मॅनेजर (मशीनचं बळ कुठे खर्च होतंय ते दाखवणारं विंडोजमधलं साधन) उघडून त्यातला परफॉर्मन्स टॅब बघा. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) अपुरी पडतेय. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्के असेल, त्यातून आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर तेच मशीन ओळखू येणार नाही. एसएसडी आहे पण काठोकाठ भरलीय, तर आधी जागा मोकळी करा. सुरुवातीला वेग ठीक, पण दहा-पंधरा मिनिटांनी पंखा ओरडायला लागतो आणि प्रोसेसरची गिगाहर्ट्‌झ घसरते, असं होत असेल तर बहुधा धूळ साचलीय किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलीय. हे सगळं न बघता नवा लॅपटॉप घेणं म्हणजे आजार रेड्याला नि औषध पखालीला.

बॅटरीचंही तसंच. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल आणि बाकी मशीन धडधाकट असेल, तर बॅटरी बदला. नव्या पिढीच्या प्रोसेसरची वाट बघायचं हे कारण नव्हे.

रॅम वाढवता येईल का, याचा अंदाजही टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर लागतो. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. ‘सोडिम’ (काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) असेल तर बहुधा स्लॉट आहे. मात्र डीडीआर-४ पिढीच्या स्लॉटमध्ये पुढच्या पिढीची डीडीआर-५ रॅम बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

या तपासणीनंतरही तुमच्याच कामात, म्हणजे व्हिडिओ एक्स्पोर्ट, कोड कंपाइल किंवा थ्रीडी रेंडरमध्ये, प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तर मात्र नवं मशीन हवंच. मग प्रश्न उरतो तो फक्त केव्हा घ्यायचं याचा.

विंडोज १० संपलं म्हणून मशीन मोडीत काढणं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशीनमधली सुविधा) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश पाहून लोक थेट खरेदीला निघतात. कित्येकदा टीपीएम मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने दिसतं. सुरू करून पुन्हा तपासा. प्रोसेसरच विंडोज ११ च्या यादीत नसेल तर मात्र उगीच झटापट करत बसू नये. तिथे बदलाचा खरा मुहूर्त आहे.

नवा आकडा म्हणजे नवा प्रोसेसर असं समजणं

हा सापळा सगळ्यात बेमालूम. एएमडीच्या ७००० मालिकेचंच उदाहरण घ्या. रायझन ५ ७५२०यू, रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७८४०यू ही तिन्ही नावं एकाच घराण्यातली वाटतात. आत बघाल तर पहिला झेन २ या जुन्या रचनेवर, दुसरा झेन ३ वर आणि तिसरा झेन ४ वर बांधलेला आहे. झेन २ आला २०१९ मध्ये. या मालिकेत खरी पिढी तिसरा अंक सांगतो, पहिला नाही. इंटेलनेही हेच केलंय. चौदाव्या पिढीचे एचएक्स (जास्त ताकदीचे) प्रोसेसर म्हणजे तेराव्या पिढीचीच रचना, जराशी पॉलिश केलेली. अशा ‘नव्या पिढी’साठी कुणी थांबला असेल, तर तो नव्या स्टिकरसाठी थांबला.

ग्राफिक्सच्या बाबतीत नाव तर आणखी फसवं. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड पस्तीस वॉटपासून एकशे पंधरा वॉटपर्यंत वीज घेणारं, कसंही बसवलेलं असू शकतं. पातळ लॅपटॉपमधलं नवं कार्ड जाड लॅपटॉपमधल्या जुन्या कार्डापुढे दमतं ते यामुळेच. वॉटचा आकडा बघितल्याशिवाय मॉडेलांची तुलना करू नका.

अफवेसाठी थांबणं

थांबणं कधी शहाणपणाचं असतं? नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलचा एम१ हा प्रोसेसर आला, तेव्हा इंटेलवाल्या मॅकबुकसाठी घाई न करणारे नक्कीच फायद्यात राहिले. त्या वेळी जूनमध्येच कंपनीने स्वतः सांगितलं होतं की आम्ही आमच्या चिपकडे वळतोय. ती घोषणा होती, कुणी उडवलेली वावडी नव्हती. उलट, ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान मेमरी त्याच किमतीत आठवरून सोळा जीबी झाली. असे सुखद धक्के कंपन्या आधी कळवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बेत आखता येत नाही.

कंपन्या एवढ्या गप्प का असतात, याला एक जुना किस्सा कारण सांगतात. ऑसबोर्न कंपनीने १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा संगणक आणला. वजन जवळपास अकरा किलो, पण खप दणक्यात. मग पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच झाली, ग्राहक थांबले आणि १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, असं म्हणतात. खरी कारणं आणखीही असतील, पण धसका सगळ्या उद्योगाने घेतला.

माझा निकष कडक आहे. उत्पादन अधिकृतपणे जाहीर झालेलं हवं, विक्रीची तारीख ठरलेली हवी आणि तोवर तुमचं काम अडणार नाही याची खात्री हवी. यातलं एक जरी नसेल तरी थांबू नये. शिवाय घोषणेनंतर आधी महागडी मॉडेलं येतात आणि मधल्या किमतीची मागाहून, हेही हिशेबात धरा.

‘थांबलं की स्वस्त होतं’ हे गृहीत धरणं

वर्षानुवर्षं हे खरं होतं, म्हणून डोक्यात पक्कं बसलंय. पण २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीने मेमरी चिप महागल्या. इतक्या, की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने त्या डिसेंबरमध्ये क्रुशल नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मेमरी महागली की लॅपटॉपही महागतात. जुनं मॉडेल नवं आल्यावर उतरतं हे खरं, आणि पुष्कळदा तीच उत्तम खरेदी असते. फक्त तोवर जास्त रॅमचे पर्याय संपलेले असतात आणि आठ जीबीचेच उरतात.

आत्ता कमी घेऊ, नंतर वाढवू

पूर्वी हे चालायचं. आता मॅकबुकमध्ये आणि बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बदलता येत नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, सोळा किंवा बत्तीस जीबी, एकदाच काय ते ठरवा. घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून बघा. स्लॉट किती, एसएसडी २२८० (ऐंशी मिलिमीटर लांब) बसते की फक्त २२३० (तीस मिलिमीटर), हे त्यात लिहिलेलं असतं. पैसे मोजकेच असतील तर रॅमवर घाला. स्टोरेज पुढे वाढवता येण्याची शक्यता जास्त असते.

एआय लॅपटॉपबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या शिक्क्यासाठी एनपीयूची (एआयची कामं करणाऱ्या खास भागाची) क्षमता किमान चाळीस टॉप्स (सेकंदाला चाळीस लाख कोटी गणितं) लागते. तुम्ही वापरता ती सॉफ्टवेअर एनपीयूला हात तरी लावतात का, ते बघा. नसतील लावत, तर त्यासाठी थांबूही नका आणि जादा पैसेही देऊ नका. स्नॅपड्रॅगनवाला (इंटेल-एएमडीऐवजी आर्म रचनेच्या प्रोसेसरचा) लॅपटॉप घेत असाल तर जुना प्रिंटर, स्कॅनर, ऑफिसचं व्हीपीएन यांचे आर्मवर चालणारे ड्रायव्हर मिळतात का, हे आधी तपासा.

घेतला आणि लगेच नवं मॉडेल आलं

परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर दोन्हींची तुलना शांतपणे करा. तुमच्या कामात फरक पडत नसेल तर बातम्या बघणं बंद करा.

आणि थांबायचंच ठरलं असेल, तर आजच बॅकअप घ्या. ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय किंवा तळाचं झाकण फुगलंय, तर आतली बॅटरी फुगलेली आहे. तसं मशीन चार्जिंगला न लावता बंद करा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. नवा प्रोसेसर कधी येतोय, ते नंतर बघू.