चालू डेटाबेसमधील दुरुस्तीची पूर्वतयारी

मायएसक्यूएलच्या चालू डेटाबेसवर मोठी दुरुस्ती करायची असेल, समजा रकमांचा कॉलम रुपयांवरून पैशांवर न्यायचा असेल, तर बॅकअप लागतो, हे सांगायला नको. तो दुसरीकडे उतरवून पाहिलेला असावा, एवढेच. टेबले इनोडीबी या प्रकारचीच असावीत, कारण मायआयएसॅम या दुसऱ्या प्रकारच्या टेबलातला बदल रोलबॅकने, म्हणजे बदल मागे घेण्याच्या आज्ञेने, मागे येत नाही.

खरे लक्ष पुढच्या बाबीकडे द्यावे. दुरुस्तीच्या स्क्रिप्टमध्ये ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणे), क्रिएट इंडेक्स किंवा ट्रंकेट (टेबल रिकामे करणे) कुठे दडले आहे का, ते ओळ न् ओळ वाचून शोधावे, कारण यांपैकी काहीही आले की मायएसक्यूएल उघडे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का किंवा रद्द करायचा बदलांचा गट, न विचारता कमिट, म्हणजे पक्के, करून टाकते. स्टार्ट ट्रान्झॅक्शन, रकमेला १०० ने गुणणारे अपडेट, मग कॉलमचा प्रकार बदलणारे ऑल्टर, आणखी अपडेट आणि बेरीज जुळली नाही म्हणून रोलबॅक, असा क्रम मागच्या खेपेस मी लावला होता. रोलबॅकने तक्रारही केली नाही आणि काही मागेही घेतले नाही. ऑल्टरपाशी ट्रान्झॅक्शन संपून ऑटोकमिट (प्रत्येक विधान आपोआप कमिट होणे) परत लागू होतो, म्हणून त्यापुढचे प्रत्येक अपडेटही जागच्या जागी पक्के होत जाते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत ऑल्टर टेबलही रोलबॅक होते. तिथली सवय इथे आणू नये.

तेव्हा पैशांसाठी बिगइंटचा (मोठ्या पूर्णांकांचा) नवा कॉलम आदल्या दिवशीच, वेगळ्या ऑल्टरने जोडावा आणि ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या कॉलमवरून तो भरणारी अपडेटच ठेवावीत. असे केल्यास स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तरी रक्कम दहा हजारपट होत नाही. त्या ऑल्टरपूर्वी लॉक वेट टाइमआउट, म्हणजे टेबल दुसऱ्याने अडवले असेल तर ऑल्टरने किती वेळ वाट पाहायची ती मुदत, कमी करावा. मूळ मुदत ३,१५,३६,००० सेकंदांची, म्हणजे चक्क एका वर्षाची असते, आणि तोवर त्या टेबलावरच्या नव्या क्वेऱ्या त्याच्यामागे खोळंबतात.

स्क्रिप्ट पहिल्याच एररला थांबली पाहिजे. रो-लॉकची, म्हणजे दुसऱ्याने अडवलेली एखादी ओळ सुटण्याची, वाट पाहून ५० सेकंदांनी (ही मुदत वरच्या टेबलाच्या मुदतीहून वेगळी) १२०५ क्रमांकाचा एरर आला, तर मूळ सेटिंगमध्ये तेवढेच विधान रद्द होते आणि आधीची अपडेट तशीच राहतात. डेडलॉकच्या, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडून बसल्याच्या, १२१३ या एररमध्ये मात्र सगळे ट्रान्झॅक्शन मागे जाते. एरर आला तरी पुढे जाणारा फोर्सचा पर्याय लावून रेटणाऱ्याला यातले काय झाले ते कळणारही नाही.

मग बदललेल्या ओळी मोजाव्यात, बेरीज ताडावी, कमिट करावे, दुसऱ्या कनेक्शनवरून पाहावे. कमिटच्या आधी ‘इंडेक्सही आताच टाकून घेऊ’ असे कोणी सुचवले, तर साफ नकार द्यावा. क्रिएट इंडेक्स म्हणजे कमिटच.