ग्रॅज्युएशननंतर नर्सिंग: नाशिकच्या मुलामुलींसाठी चार गोष्टी

ग्रॅज्युएट झाल्यावर नर्सिंगकडे वळायचं म्हणणारे मला हल्ली बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पदवी आहेच, मग दोन वर्षांत होईल ना?" नाही होणार. अमेरिकेत पदवीधरांसाठी साधारण बारा ते अठरा महिन्यांचे वेगवान नर्सिंग कोर्स आहेत आणि त्यांचे व्हिडिओ बघून हा समज पसरलाय. आपल्याकडे तशी सोय नाही. बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं, आठ सेमिस्टर. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, तो तीन वर्षांचा. पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं असतं, पण ते जीएनएम करून नोंदणी झालेल्या नर्ससाठी. तुमची एम.एस्सी. झालेली असली तरी त्याला प्रवेश मिळत नाही. एखादा एजंट "डायरेक्ट सेकंड इयरला बसवतो" म्हणाला, तर चहासुद्धा न पिता उठा.

मी स्वतः मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. दिवसभर सॅम्पल हाताळायचे, पण ज्याचं रक्त तपासलं तो माणूस कधी समोर यायचा नाही. मला माणसाजवळ काम करायचं होतं, म्हणून नर्सिंग. घरी आई म्हणाली, "अगं, तुझ्या वयाच्या पोरी लग्नाला आल्या आणि तू परत पहिल्या वर्षाला बसणार?" तिची काळजी खरी होती. त्यामुळे निर्णय घेण्याआधी मी हिशोब मांडला. तोच इथे देते.

हिशोबाची सुरुवात पदवीपासून नाही, बारावीपासून होते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. पीसीबीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गात ४० टक्के लागतात. तुमच्या पदवीला कितीही चांगला क्लास असो, तो इथे मोजला जात नाही. माझी मैत्रीण कॉलेज रोडवरून बी.कॉम. झालेली. तिला बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता बंद होता, पण जीएनएमचा उघडा होता, कारण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी, इंग्रजी विषय आणि ४० टक्के चालतात. वयाची मर्यादा मात्र ३५ पर्यंतच. तिने जीएनएम निवडलं. पुढे पोस्ट बेसिक केलं तर एकूण पाच वर्षं होतील, पण तिसऱ्या वर्षानंतर ती नोंदणीकृत नर्स म्हणून कमवायला लागेल. घरची परिस्थिती बघता तिचा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

उशिरा येणाऱ्यांनी वयाचा विचार सगळ्यात आधी करायला हवा, आणि नेमका तोच कुणी करत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३० आहे. बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना नोंदणीनंतर लगेच अर्ज करता येतो. जीएनएमवाल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता चोविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचं गणित मांडा. बी.एस्सी. अठ्ठाविसाव्या वर्षी संपेल. जीएनएम सत्ताविसाव्या वर्षी संपून अनुभवासह एकोणतीस होतील, तेही लगेच नोकरी लागली तर. दोन्हीकडे हातात फार तर एखाददोन वर्षं राहतात. ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत आहे. राज्य शासनाच्या भरतीत जरा श्वास घेता येतो, तिथे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही सर्वसाधारण मर्यादा आहे. अधिपरिचारिका, म्हणजे सरकारी स्टाफ नर्स, होऊन सिव्हिलमध्ये काम करायचं स्वप्न असेल, तर पंचविशी उलटल्यावर सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. एम्सच हवं असेल तर एक वर्षही वाया घालवू नका.

आता बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे सीईटीचं सांगते. नर्सिंग कौन्सिलच्या आराखड्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड यांना प्रत्येकी २० गुण आहेत. पदवीधरांचं घोडं बहुधा फिजिक्समध्ये अडतं. अकरावी-बारावीची पुस्तकं परत काढा, क्लासची गरज नाही. मात्र सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं धरून चालू नका. निकालानंतर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांसाठी, वेगळी नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि पसंतीक्रम भरणं असतं. चांगले गुण मिळवलेली मुलं इथे तारीख चुकवून घरी बसलेली मी पाहिली आहेत.

नाशिककरांचा आणखी एक घोळ होतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला, म्हणून लोक प्रवेशाची चौकशी करायला थेट दिंडोरी रोडला जातात. १९९८ पासूनचं हे विद्यापीठ संलग्नता देतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. प्रवेशाची प्रक्रिया सीईटी सेलची, आणि ती ऑनलाइन. जीएनएमच्या परीक्षा तर या विद्यापीठाकडे नाहीतच, त्या राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहेत.

पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज बघायला जा, आणि गेलात की बिल्डिंग बघू नका, हॉस्पिटल बघा. नियमाप्रमाणे नर्सिंग कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. कागदावर हे सगळीकडे असतं. मी एका ठिकाणी गेले तेव्हा प्रयोगशाळा चकचकीत होती, सरावाचे पुतळे नवे कोरे होते. शेजारच्या वॉर्डात मात्र चादरींच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, सलाइनचे स्टँड भिंतीला एका रांगेत लावून ठेवलेले, आणि बेडच्या पायथ्याशी टीपीआरचा एकही चार्ट नाही. ज्या वॉर्डात ताप-नाडी-श्वास लिहिला जात नाही, तिथे विद्यार्थी काय शिकणार? तेवढ्यावरच ते कॉलेज मी यादीतून काढलं. सकाळची ड्युटी संपते त्या वेळी जा, गणवेशातल्या मुली गेटबाहेर येतात. त्यांना एकच विचारा: "आज तुमच्याकडे किती पेशंट होते?" प्रामाणिक उत्तर त्यांच्याकडूनच मिळतं. मग विचारा की सिव्हिलला पोस्टिंग किती दिवस असते, लेबर रूममध्ये स्वतः किती काम करायला मिळतं, आणि जायची-यायची बस कॉलेज देतं का. आडगावकडे किंवा घोटीकडे राहायचं म्हटलं की हॉस्टेल आणि प्रवास यांचा खर्च फीइतकाच डोक्यात ठेवावा लागतो.

फीसाठी कॉलेजच्या माणसाच्या तोंडी आकड्यावर थांबू नका. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. शिष्यवृत्तीबाबत मात्र दुसऱ्या पदवीवाल्यांना धक्का बसू शकतो. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत, एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्याचा दुसरा कोर्स करणाऱ्याला लाभ मिळत नाही, उदाहरणार्थ बी.ए.नंतर बी.कॉम. तेव्हा महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, विसंबून फीचं नियोजन करू नका. आधी समाजकल्याण कार्यालयात आपली योजना, आपला प्रवर्ग आणि आपली पहिली पदवी सांगून खात्री करा, आणि बँकेत शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करून ठेवा.

कागदपत्रांत आपली अडचण नेहमीच्या मुलांपेक्षा वेगळी. बारावीचा मूळ दाखला आपण पदवीच्या कॉलेजला दिलेला असतो, त्यामुळे तिथला दाखला काढावा लागतो. पुणे विद्यापीठातून आलेल्यांनी मायग्रेशनचा अर्ज वेळेत टाकावा. नोकरीची वर्षं मध्ये असतील तर शिक्षणातल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र करून ठेवावं. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर निकालाची वाट न बघता आजच सेतूत जा. जून-जुलैत तिथली रांग बघून हातपाय गळतात.

आणि नोकरी? सोडावी लागेल. थिअरीला ८० टक्के हजेरी हवी, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलचे तास १०० टक्के पूर्ण करावे लागतात, बुडालेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन असतं. मायक्रोबायोलॉजी पुढे आली तेव्हा माझी जुनी पदवी कामाला आली. बेडवर रुग्ण असताना चादर बदलायला मात्र मी अठरा वर्षांच्या मुलींच्या बरोबरीनेच शिकले, आणि त्या माझ्याआधी शिकल्या. वॉर्डात सिस्टर तुमचं वय विचारत नाहीत, ट्रे नीट लावलाय का ते बघतात. जायचं ठरलं असेल तर या आठवड्यात बारावीची गुणपत्रिका काढा, पीसीबीची बेरीज करा आणि ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षाची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचा.