शिरोरेषा सरळ ठेवायची तर: इंकस्केपमध्ये नोड एका रेषेत आणणं आणि स्नॅपिंग

विनाइलची पाटी किंवा अॅक्रिलिकची अक्षरं कापून आली आणि वरची रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसली, तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. फाइलमधले नोड, म्हणजे अक्षराची कड ठरवणारे बिंदूच, वरखाली असतात. इंग्रजी अक्षरं सुटी असल्यामुळे एखादं किंचित वर गेलं तरी खपून जातं. देवनागरीत मात्र एकच रेघ सगळ्या शब्दावरून जाते आणि तेवढाच फरक लांबूनही खटकतो. त्यात पाटीचं काम साधारण १:१० मापात होतं. १० फुटी पाटी फाइलमध्ये ३०४.८ मिमी असते, म्हणजे तिथली ०.१ मिमीची चूक पाटीवर १ मिमीची होते. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, त्यामुळे ही रेघ आता लपायलाही जागा नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्या इंकस्केप या चित्र काढायच्या मोफत प्रोग्रॅमच्या १.२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहेत. नमुन्याला ‘वडापाव’ हा शब्द घेऊ, कारण त्यात शिरोरेषेच्या वर काहीच येत नाही. वेलांटीचं पुढे बघू.

अक्षरांचा पाथ करण्याआधी

युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ पाट्यांना छान शोभतो. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. शब्द लांब दिसावा म्हणून अंतर वाढवलं, तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ सुटी होते आणि मध्ये फटी पडतात. शब्द रुंद हवाच असेल, तर पाथ (म्हणजे मजकुराऐवजी नुसत्या कडांचा आकार) झाल्यावर अक्षरं सरकवा आणि प्रत्येक रेघेचं उजवं टोक पुढच्या अक्षरात निदान अर्धा मिलिमीटर घुसेल इतकं ओढा. मूळ मजकुराची एक प्रत कंट्रोल + डी ने काढून वेगळ्या लेयरवर लपवून ठेवा. पाथ झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली की तीच कामी येते.

आता शिफ्ट + कंट्रोल + सी दाबा. मजकुराचा पाथांचा गट होतो. शिफ्ट + कंट्रोल + जी ने गट सोडवा. व, ड, काना, प, काना, व असे सुटे तुकडे मिळतील. व्ह्यू मेनूतून आउटलाइन लावा आणि दोन तुकड्यांच्या सांध्याशी झूम करा. एकाची रेघ दुसऱ्याच्या पोटात शिरलेली दिसेल. हे तसंच कापायला दिलं, तर प्लॉटरची (विनाइल कापणाऱ्या मशीनची) सुरी त्या आतल्या रेघांवरूनही फिरते आणि सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. लेझरवर अक्षरं सरळ सुटी होऊन पडतात. म्हणून सगळे तुकडे निवडून कंट्रोल + अधिक ने युनियन करायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होतो.

पण युनियनआधी उंची तपासा, हा क्रम मोडू नका. एकाच फॉन्टमधली, एकाच आकाराची अक्षरं आपोआप समान उंचीवर असतात. गडबड होते ती अक्षरं हाताने हलवल्यावर, एखादंच अक्षर मोठं केल्यावर, दोन फॉन्ट मिसळल्यावर किंवा जुन्या रंगवलेल्या पाटीचा फोटो ट्रेस केल्यावर. उंची वेगळी असताना युनियन केलं, की प्रत्येक सांध्यावर दोन जास्तीचे नोड आणि एक बारीक उभी पायरी तयार होते. मग प्रत्येक सांधा वेगळा निस्तरावा लागतो.

नोड एका रेषेत आणणं

वरच्या पट्टीतून दोन आडवे गाइड (मदतीच्या रेघा) ओढा. गाइडवर दोनदा क्लिक केलं की नेमका आकडा देता येतो. समजा शिरोरेषेची वरची कड वाय ४० मिमी आणि खालची ४६ मिमी. इंकस्केप १.० पासून वायचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून खालच्या कडेचा आकडा मोठा. दोन्ही गाइड लॉक करा.

एन दाबून नोड टूल घ्या. सगळी अक्षरं निवडलेली असतील, तर त्यांचे नोड एकदमच हाताळता येतात. वरच्या कडेभोवती चौकट ओढून नोड निवडा आणि नको असलेले शिफ्ट + क्लिकने वगळा. शिफ्ट + कंट्रोल + ए ने अलाइनचं पॅनल उघडा. नोड टूल चालू असताना त्यात नोडसाठीची बटणं दिसतात. संदर्भ म्हणून ‘लास्ट सिलेक्टेड’ ठेवा. चौकटीने निवडल्यावर शेवटचा नोड कोणता हे स्पष्ट नसतं. म्हणून ज्याची उंची बरोबर आहे त्या नोडवर शिफ्ट + क्लिक दोनदा करा. पहिल्या क्लिकला तो वगळला जातो, दुसऱ्याला शेवटचा म्हणून परत येतो. मग नोड एका आडव्या रेषेत आणणारं बटण दाबा.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. वरच्या पट्टीत वायचा आकडा टाइप केला की सगळे नोड त्या उंचीवर येतील असं वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण निवड एकत्र सरकते आणि नोडमधला वरखालीपणा तसाच राहतो. आकडा टाकायचा तो आधी अलाइन करून, मगच. दुसरं म्हणजे नोड रेषेत आले तरी कड लाटेसारखीच दिसते. कारण नोड सरकताना त्याचे हँडल (कडेचं वळण ठरवणारे दांडे) जसेच्या तसे सोबत येतात. ट्रेस केलेल्या अक्षरात हे प्रत्येक वेळी होतं. निवड तशीच ठेवून शिफ्ट + एल दाबा. ज्या भागाची दोन्ही टोकं निवडलेली आहेत तेवढेच भाग सरळ होतात, अक्षराच्या गोलाईला धक्का लागत नाही.

खालची कड विसरू नका. तिचे नोड उभी काठी शिरोरेषेला मिळते त्या कोपऱ्यात असतात. काठी खरोखर उभी असेल, तर ते वरखाली केल्याने काही बिघडत नाही. ट्रेसमध्ये काठी तिरकी आली असेल, तर आधी काठीच्या एका कडेचे दोन नोड उभ्या रेषेत आणा, मग शिरोरेषेकडे वळा.

स्नॅप किती आणि कधी

स्नॅप, म्हणजे ओढलेला नोड जवळच्या गोष्टीला आपोआप चिकटणं, % या किल्लीने चालू-बंद होतो. आमच्या मते शिरोरेषेच्या कामात टोकदार नोड आणि गाइड एवढेच दोन पर्याय चालू असावेत. बाउंडिंग बॉक्स, मध्यबिंदू, ग्रिड सगळं चालू ठेवलं, की नोड गाइडऐवजी शेजारच्या चौकटीच्या कोपऱ्याला चिकटतो आणि ते लक्षातही येत नाही. स्नॅपची पकड पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मोजली जाते. पूर्ण पाटी पडद्यावर असताना ही पकड फाइलमधले कित्येक मिलिमीटर व्यापते, त्यामुळे आधी झूम, मग ओढणं. अनेक नोड एकत्र ओढताना त्यातला कोणताही नोड आधी चिकटू शकतो. प्रेफरन्सेसमध्ये बिहेव्हियर, मग स्नॅपिंग इथे ‘फक्त पॉइंटरजवळचा नोड स्नॅप करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो लावा. ओढताना शिफ्ट धरलं तर स्नॅप तेवढ्यापुरता थांबतो. कंट्रोल धरलं तर नोड फक्त आडवा किंवा उभा सरकतो.

एक नोड नेमक्या जागी बसवायला स्नॅप उत्तम. दहा-बारा नोड सरळ करायला मात्र अलाइनच वापरा, एकेक ओढत बसू नका.

आणि स्नॅप झालेली दोन टोकं जोडली गेलेली नसतात. एकावर एक बसली तरी पाथ उघडाच राहतो, प्लॉटर तिथे कोपरा अर्धवट कापतो आणि सोलताना विनाइल फाटतं. दोन्ही टोकं निवडून शिफ्ट + जे दाबा. टोकं वेगवेगळ्या पाथची असतील, तर आधी कंट्रोल + के ने त्यांचा एकच पाथ करा. जोडलेला नोड एरवी दोघांच्या मध्ये येतो. एकाची जागा पक्की ठेवायची असेल, तर किल्ली दाबताना माउस त्या नोडवर असू द्या.

युनियननंतरची साफसफाई

सरळ कडेवर प्रत्येक सांध्याचे फालतू नोड उरतात. ते डिलीटने काढा. कधी त्या जागी रेघेला हँडल फुटतात. दोन्ही टोकं निवडून पुन्हा शिफ्ट + एल. सिंप्लिफाय वापरू नका, तो कोपरे गोल करतो.

‘मिसळ’सारख्या शब्दात वेलांटी वरची कड तोडते. तिथे वेलांटीच्या डावी-उजवीकडचे कडेचे नोड तेवढे निवडा. वेलांटीच्या कमानीचा एक नोड जरी निवडीत राहिला, तरी ती चपटी होते. अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नसतो. लेझरमध्ये तो वेगळा तुकडा निघणार हे धरूनच डिझाइन करा.

दुकानात कोरल असेल तर

कोरलड्रॉ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल + क्यू ने कर्व्ह (पाथ) करा, वेल्ड (युनियन) करा, एफ१० ने शेप टूल घ्या आणि अलाइन नोड्समध्ये आडव्याचीच खूण ठेवा. आडवी आणि उभी दोन्ही राहिल्या, तर सगळे नोड एका बिंदूवर गोळा होतात. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम कंट्रोल + ऑल्ट + जे करतं, पण ते नोड सरासरी उंचीवर आणतं. तुमच्या ४० मिमीवर नंतर वेगळं सरकवावं लागतं.

इंकस्केप ०.९२ पासून एका इंचात ९६ पिक्सेल धरतं, त्याआधी ९० धरायचं. काही प्रोग्रॅम ७२ धरतात, तिथे तुमची इंकस्केपची एसव्हीजी फाइल ३३ टक्के मोठी उघडते. म्हणून पीडीएफ द्या आणि पाटीच्या बाहेर १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा. कापणाऱ्याला तो आधी मोजायला सांगा, आणि तो बरोबर १०० भरला की मग १० पट करायला सांगा.