घरी सुगंधी तेलं मिसळायची तर आधी काटा घ्या

लाकडी पेटीतले ‘ब्लेंडिंग किट’ घेऊ नका. त्यात रंगीबेरंगी ड्रॉपर असतात, बोटाएवढं नरसाळं असतं, सोनेरी लेबलं असतात. ज्याच्यावाचून काम अडतं तो वजनकाटा मात्र नसतो. त्याच पैशात तालुक्याच्या बाजारात सगळं सामान येतं आणि येण्याजाण्याचं तिकीटही निघतं.

तपकिरी काचेच्या बाटल्या होमिओपॅथीच्या दुकानात मागा. दहा मिलीच्या आणि तीस मिलीच्या, घट्ट झाकणाच्या. बुचाच्या नकोत, बूच तेल पितं. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली कितीही घासली तरी झाकणाचा वास जात नाही, ती भंगारवाल्याला द्या. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्याकडून पन्नास मिलीचे दोन बीकर, काचेची एक कांडी आणि काचेचे चार-पाच ड्रॉपर आणा. मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस. वास घ्यायला ड्रॉइंगचा जाड कागद बोटभर लांब पट्ट्यांत कापला की झालं, त्याचे वेगळे पैसे मोजू नका. प्लॅस्टिकचे पेले वापरू नका. संत्र्याच्या सालीच्या तेलात थर्माकोल विरघळतो. नागपूरकडे संत्र्याची कमी नाही, करून बघा.

ड्रॉपरबद्दल एक गोष्ट. त्याचा रबरी फुगा अस्सल तेलाच्या वाफेनं फुगतो, चिकट होतो आणि मग तेलालाच रबराचा वास मारतो. म्हणून ड्रॉपर फक्त तेल घेण्यापुरता. ड्रॉपरचंच झाकण लावून बाटली महिनोन्‌महिने ठेवायची नाही, साधं झाकण लावायचं.

आता काटा. ‘अमक्याचे पाच थेंब, तमक्याचे तीन’ अशा कृती सगळीकडे लिहिलेल्या सापडतात आणि त्या सगळ्या निरुपयोगी आहेत. गवती चहाचं तेल पातळ असतं, त्याचा थेंब लहान पडतो. वाळ्याचं तेल काकवीसारखं, त्याचा थेंब जड. ड्रॉपरचं टोक बदललं की दोन्ही बदलतात. एक मिलीत वीस थेंब हा हिशेब पुस्तकात ठीक आहे, प्रत्यक्षात एका ड्रॉपरमधून वीस पडतात, दुसऱ्यातून पस्तीस. मग मागच्या वेळचा वास या वेळी येत नाही आणि लोक म्हणतात, तेलच भेसळीचं आलं. भेसळ असतेही, पण आधी मोजमाप तपासा.

सोनारकाम करणारे वापरतात तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, दोनशे ग्रॅमपर्यंतचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे काही कामाचा नाही. काट्याबरोबर शंभर ग्रॅमचं वजन मिळत असेल तर तेही घ्या. त्यावर काटा तपासायचा, नाण्यांवर नाही. नाणी झिजतात.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या काट्यानंच. बाटली ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, थेंब टाकायचा, आणि आकडा ०.०० वरच. आणखी एक थेंब, तरीही ०.००. मग अचानक ०.०५. काटा बिघडलेला नसतो. स्वस्त काट्यांत शून्य डळमळू नये म्हणून शून्याजवळचा बारीक फरक काटा आपणच गिळून टाकतो. हळूहळू टाकलेला थेंब त्याला धूळ वाटतो. म्हणजे आत तेल पडत राहतं आणि कागदावर कमी लिहिलं जातं. काट्याबरोबरच्या पत्रकात हे मला कधी दिसलं नाही.

यावर उपाय सोपा आहे: शून्य करूच नका. रिकामी बाटली ठेवा, तिचं वजन वहीत लिहा, समजा ४१.३८. त्यात अर्धा ग्रॅम वाळा टाकायचा तर आकडा ४१.८८ यायला हवा. बेरीज करायची, बस. शंका आली तर बाटली उचला, काटा ०.०० वर येऊ द्या, बाटली परत ठेवा. येईल तो आकडा खरा. प्रत्येक तेलानंतर हे करा, कंटाळा करू नका.

काटा शहाबादी फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, हलणाऱ्या टेबलावर नको. पंखा बंद, कुलर बंद. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना हे सांगणं म्हणजे शिक्षाच आहे, पण वाऱ्याच्या झोतात दुसरा दशांश आकडा जागेवर राहत नाही. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, तेलही कमी उडतं. काटा सुरू करून दोन मिनिटं थांबा. आकडा आपोआप सरकायला लागला तर आधी सेल बदला.

क्रमही उलटा ठेवा. बहुतेक जण जास्तीचं तेल आधी ओततात. मी सगळ्यात कमी लागणारं आधी घेते. माझ्या आवडीचं एक मिश्रण घ्या, दहा ग्रॅमचं: वाळा ०.५०, रोशा (एका सुगंधी गवताचं तेल) ४.५०, गवती चहा ५.००. वाळा टाकताना हात जड पडला आणि ०.५६ झाला, तर फेकायचं काही नाही. ०.५६ ला ०.५० नं भागा, १.१२ आलं, बाकी दोन्ही आकडे १.१२ नं गुणा. रोशा ५.०४, गवती चहा ५.६०. वाळा शेवटी टाकला असता आणि असाच जास्त झाला असता, तर बाकीची महाग तेलं पुन्हा ओतत बसावं लागलं असतं. डिसेंबरच्या थंडीत वाळा ड्रॉपरमध्ये चढतच नाही. बंद बाटली कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवा. गॅसजवळ किंवा चुलीजवळ अजिबात नाही, ही तेलं पेट घेतात.

रोशा म्हणजे तिखाडी, मेळघाटाच्या उतारांवर वाढतं ते गवत. त्याचं तेल एकेकाळी मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. आपण मात्र गुलाबाचं तेल महाग म्हणून हळहळतो!

मिश्रण कांडीनं ढवळा, झाकण लावा, आठवडाभर अंधारात ठेवा. आजचा वास आणि आठ दिवसांनंतरचा वास वेगळा असतो, आजच कमी-जास्त करू नका.

अंगाला लावायचं तर हे दहा ग्रॅम तसंच लावायचं नाही. तीस ग्रॅम तयार तेलात ०.३० ग्रॅम मिश्रण, म्हणजे एक टक्का, बाकी २९.७० ग्रॅम साधं तेल. गवती चहा कातडीला झोंबतो, त्यामुळे माझं मत, याच्या पुढे जाऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. पोटात घ्यायचं नाही, तान्ह्या बाळाच्या आसपास निलगिरी-कापूर न्यायचं नाही, शेजारीण काहीही सांगो.

साध्या तेलात तीळ सगळ्यात बरं, घाण्याचं पण गाळलेलं. खोबरेल चालतं, फक्त आपल्याकडच्या हिवाळ्यात बाटलीत गोठून बसतं. फल्ली (शेंगदाणा) तेलाचा स्वतःचाच वास आड येतो. जवस आपल्या भागात भरपूर पिकतं म्हणून घ्यायचा मोह होतो, पण ते लवकर खवट होतं आणि हवेत चिकट पापुद्रा धरतं. जवस चटणीला ठेवा. आणि धुऱ्यावरचा गवती चहा तेलात उकळला की इसेन्शियल ऑइल, म्हणजे वर मोजलेलं अस्सल सुगंधी तेल, होतं, हाही गैरसमज आहे. ते पाण्याच्या वाफेवर काढावं लागतं. उकळून मिळतं ते वासाचं तेल, त्याला हे आकडे लागू पडत नाहीत.

धुणं: आधी कोरड्या कापसानं पुसा, मग स्पिरिट, मग साबण, मग पूर्ण वाळवा. आधी पाणी लावलंत तर तेल काचेवर पसरून बसतं. बीकरमध्ये पाण्याचा एक थेंब राहिला तरी पुढचं मिश्रण गढूळ होतं.

लेबलावर तारीख, प्रत्येक तेलाचं वजन आणि तेल कधी आणलं ते लिहा. पेनची शाई तेलानं पसरते, पेन्सिलनं लिहून वर पारदर्शक टेप लावा. बाटल्या टिनाच्या छताखाली किंवा खिडकीत नको. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळचा थंड कोपरा चांगला, पण धान्याला टेकून नाही, गव्हाला वास लागतो.

बचत गटातल्या बायका विचारतात, हे विकता येईल का. कातडीला लावायचं बनवून विकायला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, आणि हा खिशातला काटा दुकानदारीला चालत नाही, त्यासाठी वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेला काटा हवा. भाऊबीजेला भावाला द्यायचं असेल तर कुणाला विचारायची गरज नाही, फक्त बाटलीवर ‘पिऊ नये’ लिहा.