फुफ्फुसाभोवतीचं पाणी कॅन्सरचं आहे का, हे कसं शोधायचं

छातीत पाणी झालं म्हणजे ते फुफ्फुसात शिरलेलं नसतं. फुफ्फुसावरचं आवरण आणि छातीचं अस्तर यांच्या मधल्या फटीत ते साठतं. निरोगी माणसातही तिथे थोडासा द्रव असतो. उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत पाणी दिसायला ते साधारण २०० मिलिलीटरपर्यंत साचावं लागतं. सोनोग्राफीत त्याहून बरंच कमी पाणीही सापडतं.

कॅन्सरचं निदान हुकतं ते बहुधा पहिल्याच खेपेला. लिटरभर पाणी काढलं, रुग्णाला मोकळा श्वास आला, त्यातलं दहा मिलिलीटर लॅबला गेलं आणि उरलेलं ओतून दिलं. म्हणून सुई टोचण्याआधीच कोणकोणत्या तपासण्या करायच्या आणि कुठल्या डब्यात किती पाणी जाणार, हे ठरवून ठेवा.

कॅन्सरचा संशय कधी धरायचा? वय पन्नाशीच्या पुढे, तंबाखूचं व्यसन, ताप नसताना आठवड्यागणिक वाढत गेलेला दम, घटलेलं वजन, लालसर पाणी आणि काढल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा भरणं. पुरुषांत फुफ्फुसाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर ही नेहमीची कारणं. त्यानंतर अंडाशयाचा कॅन्सर आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्यामुळे छाती तपासताना स्तन, काख, मान आणि पोटही तपासायलाच हवं. ही तपासणी फुकट होते आणि सर्रास राहून जाते. एक्स-रेत एक बाजू पूर्ण पांढरी असूनही श्वासनलिका पलीकडे ढकललेली नसेल, तर त्या फुफ्फुसाकडे जाणारी तिची मुख्य शाखा गाठीने बंद झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पाणी काढूनही दम फारसा कमी होत नाही. आधी सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपीचा, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघण्याचा, विचार करावा.

पाणी सोनोग्राफीखाली काढावं. त्याच वेळी डायाफ्रामवर किंवा आवरणावर गाठी दिसतात का, तेही बघून घ्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून जाते, कारण रक्तवाहिन्या आणि नस खालच्या कडेला असतात. एका वेळी दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. छाती आवळू लागली किंवा खोकल्याची ढास थांबेना, तर त्याआधीच थांबावं. दबलेलं फुफ्फुस झपाट्याने उघडलं की त्यातच पाणी भरू शकतं. सीटी व्हायचा असेल तर थोडं पाणी मुद्दाम राहू द्या, आवरणावरच्या गाठी त्यामुळे स्पष्ट दिसतात.

नमुन्यांची वाटणी अशी:

पेशींच्या तपासणीला, म्हणजे सायटॉलॉजीला, ५० मिलिलीटर किंवा जास्त ताजं पाणी. लालसर पाण्यात गुठळी होते आणि पेशी तिच्यात अडकतात, म्हणून गोठू न देणारं औषध असलेला डबा लॅबकडून आधीच मागून घ्या. पाठवायला उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. लॅबने सांगितल्याशिवाय त्यात फॉर्मलिन (नमुना टिकवायचं रसायन) घालू नका.

प्रोटीन, एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम), ग्लुकोज आणि एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) यांसाठी वेगळ्या बाटल्या. त्याच दिवशी रक्तातलं प्रोटीन आणि एलडीएचही पाठवायचं; ते विसरलं तर पाण्याचा आकडा तुलनेविना निरुपयोगी.

पेशींची मोजणी जांभळ्या बुचाच्या बाटलीत. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, आणि टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी, यांसाठी निर्जंतुक डबी.

पीएच मोजायचा असेल तर हेपॅरिनच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता. हवेने पीएच खोटा वाढतो, सुईत राहिलेल्या भुलीच्या औषधाने खोटा घटतो.

रिपोर्ट हातात आला की आधी डॉ. रिचर्ड लाइट यांचे १९७२चे निकष लावायचे. पाण्यातलं प्रोटीन रक्ताच्या ०.५ पटीपेक्षा जास्त, एलडीएच रक्ताच्या ०.६ पटीपेक्षा जास्त, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्तातल्या वरच्या सामान्य मर्यादेच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त: यांतलं एक जरी जुळलं तरी ते एक्झुडेट, म्हणजे आवरणाच्या आजारामुळे पाझरलेलं पाणी. कॅन्सरचं पाणी बहुतेक वेळा एक्झुडेटच असतं. हृदयाच्या रुग्णाला लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हे निकष फसू शकतात. अशा वेळी रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा करून डेसिलीटरला १.२ ग्रॅमपेक्षा जास्त उरलं, तर हृदयाकडे बोट जातं.

आपल्याकडे खरा घोटाळा टीबीशी होतो. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेलं एक्झुडेट टीबीतही असतं आणि कॅन्सरमध्येही. एडीए ४० युनिटच्या वर, वय तरुण, सोबत ताप, तर टीबीकडे पारडं झुकतं. पण एडीए पू झालेल्या पाण्यात, संधिवाताच्या काही आजारांत आणि लिम्फोमातही वाढतो. साठीच्या धूम्रपान करणाऱ्या माणसाला नुसत्या एडीएवर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून दोन महिने वाट बघणं आमच्या मते चूकच. उलट, सीबीनॅट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असंही ठरत नाही, कारण पाण्यात जंतू फार कमी असतात.

आता मुख्य प्रश्न. सायटॉलॉजी निगेटिव्ह आली तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही. पहिल्या नमुन्यात सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास कॅन्सर पकडला जातो. अॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये) हे प्रमाण जास्त, अॅस्बेस्टॉसशी संबंधित मेसोथेलिओमात (खुद्द आवरणाच्या कॅन्सरमध्ये) बरंच कमी. दुसऱ्यांदा पाणी पाठवल्याने थोडी भर पडते, तिसऱ्यांदा जवळपास काहीच नाही. ‘अॅटिपिकल सेल्स’, म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या पेशी, असा शेरा म्हणजे निदान नव्हे. सूज आलेल्या अस्तराच्या पेशीही तशाच दिसतात. पाणी पुन:पुन्हा काढत बसण्यापेक्षा आवरणाचा तुकडा घ्यावा (बायोप्सी).

तुकडा कसा घ्यायचा हे सीटीवर ठरतं. आवरण गाठाळ, एक सेंटिमीटरपेक्षा जाड, किंवा हृदयाकडच्या बाजूलाही जाड झालेलं असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली नेमक्या जागेचा तुकडा मिळतो. जुनी आंधळी सुई-बायोप्सी टीबीत चांगली चालते, कारण तो आजार आवरणभर पसरतो. कॅन्सर मात्र ठिकठिकाणी असतो, म्हणून ती अनेकदा हुकते. थोरॅकोस्कोपीत दुर्बिणीने बघून तुकडे घेतात, निदान १०० पैकी ९० पेक्षा जास्त रुग्णांत होतं आणि त्याच वेळी पाणी काढून टाकता येतं. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकू नका. एक सलाइनमध्ये टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी ठेवा.

पाण्यात कॅन्सर सापडलाच तर ‘सेल ब्लॉक’, म्हणजे पाण्यातल्या पेशी एकत्र करून मेणात बसवलेला ठोकळा, बनवायला सांगा. त्यावर पेशींतले मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी प्रोटीनं, तपासतात: टीटीएफ-१ फुफ्फुसाकडे, गाटा-३ स्तनाकडे, पॅक्स-८ अंडाशयाकडे आणि कॅलरेटिनिन मेसोथेलिओमाकडे बोट दाखवतं. एकच मार्कर पुरेसा नसतो, संच लागतो. फुफ्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि पीडी-एल१ या औषध निवडायला मदत करणाऱ्या तपासण्याही त्याच ब्लॉकवर होऊ शकतात, म्हणून साहित्य उधळू नये. लिम्फोमाचा संशय असल्यास फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्राने पेशींचे प्रकार ओळखण्यासाठी, ताजं पाणी लागतं.

दोन गोष्टी शेवटी. आधीच कॅन्सर असलेल्या रुग्णाचं प्रत्येक पाणी कॅन्सरचंच नसतं. न्यूमोनिया, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी किंवा घटलेलं अल्ब्युमिनही कारण असू शकतं, आणि ते तपासल्याशिवाय चौथी स्टेज, म्हणजे कॅन्सर पसरल्याची अवस्था, लिहू नये. दुसरं, थोरॅकोस्कोपीच्या तुकड्यात नुसतीच ‘सूज’ निघाली तरी फाइल बंद करू नका. अशा काही रुग्णांत पुढे मेसोथेलिओमा निघतो. पाणी पुन्हा भरलं किंवा वजन घटत राहिलं तर सीटी आणि बायोप्सी पुन्हा करावी.